उजवा हात जमिनीकडे: फणसाच्या लाकडातल्या एका बुद्धमूर्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर बौद्ध समाजाची ४१ कुटुंबं राहतात. बरीचशी सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडून खाणींच्या कामासाठी आलेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर काही परत गेली. उरलेल्यांनी कारखान्यांत, गॅरेजांत, दुकानांत कामं धरली. वर्गणी काढून त्यांनी पत्र्याच्या छपराचा एक छोटा विहार उभा केला. आत बाबासाहेबांचा फोटो आणि प्लास्टरची हातभर बुद्धमूर्ती. गोव्याच्या पावसाळ्यात प्लास्टर किती टिकणार? दोन वर्षांत रंगाचे पोपडे सुटले, नाकाचा शेंडा गेला. नवी मूर्ती आणायची असं ठरलं आणि समितीतले एक काका माझ्याकडे आले.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे. या समाजाचा मी नाही, पण त्यांच्या मुलांना शिकवलेलं. शिवाय गावातल्या लाकूडकाम करणाऱ्या मेस्तांशी माझी जुनी ओळख. मधला माणूस म्हणून मी या कामात शिरलो. पुढे जे चुकलं त्यातला एक मोठा वाटा माझाच होता, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही.

मेस्तांच्या घरात तीन पिढ्या मूर्ती घडतात. देवळांच्या पालख्या, चवथीची मखरं आणि तितक्याच सवयीने चर्चसाठी संतांच्या मूर्ती. गोव्यात यात नवल काहीच नाही. जुन्या चर्चमधल्या कितीतरी मूर्ती इथल्या हिंदू कारागिरांच्या हातच्या आहेत. बुद्ध मात्र मेस्तांच्या घरात कोणी कधी घडवला नव्हता.

प्रश्न काय होता

वरवर पाहता प्रश्न साधा होता: टिकणारी, दोन फुटांच्या आसपासची मूर्ती हवी. खरा प्रश्न पहिल्या बैठकीतच पुढे आला. एक आजोबा म्हणाले, "मूर्ती बाहेरून आणली तर कमीपणा नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला मूर्ती बसवली, ती रंगूनहून आलेली." त्यावर अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "पण आजोबा, आता आपण इथलेच ना? मग मूर्ती इथल्या हातची नको?"

ताईंचं म्हणणं मला मनापासून पटलं. बुद्ध गोव्याला परका नाही. अशोकाच्या काळात धम्मरक्खित अपरांतात धम्म सांगायला आल्याचं महावंस हा श्रीलंकेतला जुना पाली ग्रंथ सांगतो आणि अपरांत म्हणजे हाच आपला पश्चिम किनारा. बार्देसातल्या कोलवाळला इतिहास संशोधक फादर हेरास यांना १९३० मध्ये बुद्धाची दगडी मूर्ती सापडली. ती आज मुंबईच्या हेरास संस्थेत आहे. लामगावची कोरीव लेणी तर या वाड्यावरून फार लांब नाहीत. एका रविवारी आम्ही सगळे तिथे जाऊन आलो. पोरं गुहेच्या गारव्यात खेळत होती आणि आजोबा बराच वेळ भिंतीवर हात ठेवून उभे होते. मूर्ती इथेच करायची हे त्या दिवशी ठरलं, बैठक घ्यावी लागली नाही.

कोणते पर्याय होते

फायबरची तयार मूर्ती सगळ्यात स्वस्त आणि पावसाला न घाबरणारी. जयपूरची संगमरवरी मूर्ती दिसायला देखणी, पण वाहतुकीचा खर्च जवळजवळ मूर्तीइतकाच. नेपाळची ओतीव धातूची मूर्ती मला स्वतःला आवडली असती. तिथल्या पाटण शहरातले कारागीर मेण घालवून ओतकाम करतात, चेहऱ्यावरची कारागिरी अप्रतिम असते, पण दोन फुटांची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती.

लाकडाचा पर्याय आपसूक आला. समितीतल्या एकाच्या परसातला जुना फणस जूनच्या वादळात पडला होता. खोड जाड होतं. बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकलं तरी आतलं पिवळंधमक लाकूड वीसएक इंच भरत होतं. फणसावर कोणाचाच आक्षेप नव्हता, आपल्याकडे देवाच्या मूर्तींनाही तो चालतो. थायलंडच्या अरण्यवासी परंपरेतले भिक्खू फणसाचं हेच आतलं लाकूड उकळून चीवरं, म्हणजे आपली वस्त्रं, रंगवतात, असं मी सांगितलं तेव्हा ताईंचे डोळे भरून आले. "म्हणजे चीवराचा रंग लाकडातच आहे," त्या म्हणाल्या. मूर्तीला रंग द्यायचा नाही हेही त्या एका वाक्याने ठरलं.

मुद्रेवर मात्र तीन बैठका गेल्या. तरुणांना अभयमुद्रा हवी होती, हात उंचावून धीर देणारा बुद्ध. लाकडाच्या दृष्टीने तो हात अवघड: पुढे आलेला, बोटं सुटी, कोणाचा धक्का लागला की मोडणार. ध्यानमुद्रा घडवायला सगळ्यात सोपी आणि टिकाऊ. आजोबांनी भूमिस्पर्श मागितली. सिद्धार्थाला ध्यानातून उठवू पाहणाऱ्या माराने विचारलं, तुझ्या पुण्याईला साक्षीदार कोण? सिद्धार्थाने काही न बोलता उजवा हात खाली नेऊन जमिनीला बोटं टेकवली. "ज्यांच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नव्हतं, त्यांच्या बाजूने जमीन बोलली," आजोबा म्हणाले. यावर कोणाला काही बोलण्यासारखं उरलं नाही.

डोळ्यांवरही मतं वेगळी होती. जुन्या मूर्तींत बुद्धाचे डोळे बहुधा अर्धे मिटलेले असतात. आंबेडकरी समाजात उघड्या डोळ्यांच्या बुद्धाबद्दल विशेष ओढ आहे: जगाचं दुःख बघणारा, जागा बुद्ध. मेस्तांनी एकच प्रश्न विचारला: "मूर्ती किती उंचीवर बसणार? आणि माणसं बसून बघणार की उभी राहून?" ओटा साडेतीन फुटांचा, माणसं जमिनीवर बसणार. तेव्हा डोळे पूर्ण उघडे पण नजर किंचित खाली ठेवायची, म्हणजे वंदनेला बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर भिडेल. ज्याचा निकाल आम्हाला तीन बैठकांत लावता आला नव्हता, तो त्यांनी एका मापाने लावून दिला.

काम कसं चाललं

खोड जुलैत कापलं आणि डिसेंबरात त्याला पटाशी लागली. पाच महिने. फणसाच्या एवढ्या जाड ओंडक्याला हे फारच थोडे, हे मेस्तांना ठाऊक होतं आणि त्यांनी सांगितलंही. पण समितीला वैशाखातली बुद्धपौर्णिमा गाठायची होती आणि मी "होईल हो" म्हणालो. ही माझी पहिली चूक.

माप मेस्तांच्या हातात मुरलेलं. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, तालाचे बारा अंगुळं, हा हिशेब त्यांना स्वतःच्या आजोबांकडून मिळालेला. तिबेटी परंपरेत उभ्या बुद्धाचं माप १२५ अंगुळं धरण्याची पद्धत आहे, हे सांगितल्यावर त्यांनी लगेच कागदावर चौकोन पाडून बैठी आकृती बसवली. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतची रुंदी उंचीच्या चार पंचमांश आली. वीस इंच लाकडात २४ इंचांची मूर्ती जेमतेम मावत होती.

लक्षणांची चर्चा त्यांच्या पडवीत, लाकडाच्या भुशात बसून व्हायची आणि ते दिवस माझ्या कायम लक्षात राहतील. कान लांब का? राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांनी पाळ्या ओघळल्या, कुंडलं टाकून दिली, ओघळ राहिला. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, मुकुट नव्हे. केसांची प्रत्येक कुरळी उजवीकडे वळलेली. भुवयांमधली ऊर्णा म्हणजे पांढऱ्या केसांचं छोटं वर्तुळ, मेस्तांनी सवयीने आधी ती उभी काढली, तर ताई हळूच म्हणाल्या, "काका, ते गंधासारखं दिसतंय." त्यांनी तिथल्या तिथे ती गोल केली.

चीवराला त्यांचा हात संतांच्या झग्याच्या जाड चुण्यांकडे ओढ घेई. चुण्या चुकीच्या असतात असं नाही. गांधार शैलीच्या बुद्धाला दाट चुण्या असतातच. पाचव्या शतकातल्या सारनाथच्या मूर्तींत मात्र वस्त्र अंगाला इतकं चिकटलेलं की फक्त काठावरून कळतं. त्यांना दोन्हींचे फोटो दाखवले. निर्णय पुढे ढकलला, आणि तो ढकलला हे फार बरं झालं.

उलटा फोटो

फेब्रुवारीत एके संध्याकाळी ताई आपल्या मुलीला घेऊन काम बघायला आल्या. ओंडक्यातून डोकं, खांदे, हात, मांडी एव्हाना ढोबळ बाहेर आली होती. मेस्तांचा नातू मधे मधे करत होता, म्हणून ताईंनी त्याला गोष्ट सांगायला घेतली. मूर्तीसमोर तिच्यासारखीच मांडी घालून बसल्या आणि "मग त्याने असा हात खाली नेला" म्हणत उजवा हात जमिनीला लावला. पोरगं मूर्तीकडे बघून म्हणालं, "पण ह्याचो दावो हात खाला आसा."

सगळे गप्प झालो. मूर्तीचा डावा हात खाली होता, उजवा मांडीत.

मी मेस्तांना दिलेला फोटो कोणाच्या तरी फोनवरून फिरत फिरत आलेला. तो आरशातल्यासारखा उलटा झाला होता. न कापलेला पूर्ण फोटो शोधून काढला तेव्हा मागच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसत होती. मला मिळालेल्या फोटोत तो भाग कापला गेला होता. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, पोरांना उजवं-डावं बघायला शिकवलं आणि तो फोटो दोन महिने रोज पाहूनही मला कळलं नाही. मेस्तांचा यात काडीचा दोष नाही. त्यांच्या हातात दिलं ते त्यांनी हुबेहूब केलं. गोष्ट त्यांना सांगितली होती, मुद्रेचा अर्थ सांगितला होता, पण "उजवा" हा शब्द आमच्यापैकी कोणीच ठासून उच्चारला नव्हता. जे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं ते सांगायचं राहून जातं.

आता काय करायचं? त्या रात्री चार वाटा समोर होत्या. तशीच ठेवावी, कोणाच्या लक्षात येणार, असं एकजण म्हणाला. आजोबांनी मान हलवली आणि तो विषय तिथेच संपला. नवा ओंडका घ्यावा, तर लाकूड आणि पैसा दोन्ही नव्हतं. ध्यानमुद्रेत बदलावी, तर दोन्ही हात मांडीत आणायला डाव्या बाजूला लाकूडच उरलं नव्हतं. चौथी वाट मेस्तांनी सांगितली. दोन्ही हात कोपरापासून कापायचे, त्याच फणसाच्या उरलेल्या तुकड्यांतून नवे करायचे आणि खाच-कुसूने बसवायचे. संतांच्या मूर्तींचे हात ते नेहमी असेच जोडतात.

समितीत अस्वस्थता पसरली. जोडलेली मूर्ती म्हणजे खंडित नाही का? हा प्रश्न मला मोलाचा वाटला, कारण विचारणाऱ्यालाच बोलता बोलता जाणवलं की खंडित मूर्तीची भीती आपण मागे टाकलेल्या समजुतींतली आहे. मी त्यांना जपानमधल्या उजी इथल्या ब्योदो-इन विहारातल्या अमिदा बुद्धाबद्दल सांगितलं. जोचो नावाच्या मूर्तिकाराची ही १०५३ सालची मूर्ती अनेक ठोकळे जोडून, आतून पोकळ केलेली आहे आणि हजार वर्षांच्या घरात आली तरी लोक तिला वंदन करतात. तिथे जोड ही उणीव नव्हती, पद्धत होती.

जोड झाकायचा कसा, यावर मेस्त सहज म्हणाले, "उजव्या दंडावर बाजूबंद कोरतो, कोणाला कळणार नाही." देवांच्या मूर्तींत ही युक्ती चांगली चालते. इथे चालणार नव्हती. ज्याने दागिने उतरवले, ज्याचे कान त्या उतरवलेल्या दागिन्यांचीच खूण आहेत, त्याच्या दंडावर बाजूबंद कसा घालायचा? मेस्त थोडा वेळ कानांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग जोड उघडा ठेवूया, पण नीट करूया." उजव्या कोपराच्या आतल्या वळीत, जिथे अंगालाच घडी असते, तिथे त्यांनी सांधा बसवला. आज जवळून पाहिलं तर केसाएवढी रेघ दिसते. डावा खांदा आणि हात चीवराखाली, म्हणून तिकडे दोन-तीन चुण्या ठेवल्या आणि सांधा त्यांत गेला. सारनाथ की गांधार, हा लांबणीवर टाकलेला प्रश्न असा सुटला: अंगावर वस्त्र सपाट, डाव्या हातावर घड्या.

एक फायदा तर कोणी कल्पिला नव्हता. उभ्या ओंडक्यात आडवा हात कोरला की लाकडाची रेषा हाताला आडवी जाते आणि बोटं तुटायला निमित्त लागत नाही. नव्या डाव्या हाताचा तुकडा आडवा धरल्यामुळे रेषा हाताच्या लांबीने गेली. मांडीतला तो हात आता पहिल्यापेक्षा मजबूत आहे.

तारीख, पोकळी आणि डोळे

बुद्धपौर्णिमा सोडून द्यायची ठरली. आमंत्रणं छापली नव्हती, एवढंच नशीब. नवी तारीख ऑक्टोबरमधला धम्मचक्र प्रवर्तन दिन. मिळालेल्या पाच महिन्यांत मेस्तांनी दुसरं मोठं काम केलं: मूर्ती पाठीमागून पोखरली. ओंडक्याचा मधला गाभा आत राहिला की लाकूड सुकताना बाहेरून आवळतं आणि गाभ्यापर्यंत फाटतं. गाभाच काढून टाकला तर ताण कमी होतो. दोन-अडीच इंचांची भिंत ठेवून आतलं सगळं काढलं, आत आणि बुडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं, म्हणजे वाळवी लागणार नाही. पाठीला त्याच लाकडाचं झाकण, तेही गोंद न लावता स्क्रूने बसवलेलं.

पोकळी पाहून कोणीतरी विचारलं, आत काय ठेवायचं? जपानी मूर्तींत सूत्रं आणि दान देणाऱ्यांची नावं ठेवतात, तिबेटी मूर्तींत मंत्रांच्या गुंडाळ्या. काहींना हे कर्मकांड वाटलं आणि त्यांचा आक्षेप मला रास्त वाटला. शेवटी ४१ कुटुंबांची नावं, मेस्तांचं नाव, फणस कोणाच्या परसातला आणि काम कधी सुरू झालं कधी संपलं, एवढा एक कागद काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला. मंत्र नाही, नोंद.

डोळे राहिले होते. मेस्तांच्या घरातली रीत अशी की डोळे सगळ्यात शेवटी, पहाटे, नारळ ठेवून उघडायचे. समिती प्राणप्रतिष्ठा मानत नाही. बुद्ध देव नाही, गुरू आहे. हे मेस्तांना कसं सांगायचं, या काळजीत मी दोन दिवस होतो. ताईंनी सरळ जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या विहारात तुमची रीत. पण माझ्या पडवीत मला पहाटेच डोळे करू दे, पोटात काही न घालता. ते माझ्या हातासाठी." श्रीलंकेत नेत्रमंगल्याच्या, म्हणजे मूर्तीचे डोळे उघडण्याच्या विधीच्या, वेळी कारागीर मूर्तीकडे थेट न पाहता आरशात पाहून डोळे रंगवतो, ते मला आठवलं. ताई म्हणाल्या, "काका, त्यात आमची काय हरकत?" नारळ ठेवला नाही. सूर्य उगवायच्या आत डोळे झाले.

निष्पत्ती

ठरल्या दिवशी त्रिशरण, पंचशील आणि बुद्धवंदना झाली. मेस्त सहकुटुंब आले, मागे भिंतीला टेकून बसले. वंदना संपल्यावर आजोबांनी त्यांना पुढे बोलावलं, "जय भीम" म्हणून हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मजुरी ठरल्यापेक्षा जास्त द्यायची समितीची इच्छा होती. हाताचं दुसऱ्यांदा केलेलं काम मेस्तांनी हिशेबात धरलंच नाही. शेवटी त्या कामाचे पैसे मी दिले, कारण फोटो माझा होता.

डिसेंबरात वारा कोरडा झाला आणि मूर्तीच्या पाठीवर, झाकणाच्या कडेला एक चीर दिसली. समोर, चेहऱ्यावर, हातांवर काही नाही. काहीजण घाबरले. मेस्त आले, झाकण काढून पाहिलं आणि चीर भरू नका म्हणाले. पावसात लाकूड फुगून ती मिटेल, तेव्हा आत भराव असला तर तो उलट ढकलेल. तसंच झालं, जूनमध्ये ती दिसेनाशी झाली.

वेगळं काय करता आलं असतं

फोटोऐवजी आधी मातीची छोटी प्रतिकृती करायला हवी होती. डिचोलीत कुंभारकाम आहे, मेस्तांचा हात मातीतही चालतो. आठवड्याभराच्या कामात उजवा-डावा घोळ पहिल्याच दिवशी सापडला असता. फोटो दिलाच तर मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या बाजूवर तसं लिहून द्यायला हवं होतं, "बघणाऱ्याची उजवी" की "मूर्तीची उजवी" हे स्पष्ट करून. तारीख लाकडाला विचारून ठरवायला हवी होती. खोड निदान उभं चिरून, गाभा वेगळा करून वर्षभर सावलीत ठेवता आलं असतं. लहान मूर्ती चालली असती तर खोडाच्या अर्ध्या भागातूनच, गाभ्याशिवाय, ती निघाली असती. उंचीचा आग्रह आमचा होता.

आणि मुद्रा सांगताना ताईंनी केलं ते मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं: पडवीत मांडी घालून बसायचं आणि हात जमिनीला लावून दाखवायचा.

बाजूबंदाबद्दल मात्र मी आजही तेच म्हणेन. उघड्या सांध्याची ती रेघ लहान मुलांना दिसते, ती विचारतात, आणि मग कोणीतरी त्यांना उलट्या फोटोची आणि कानांची गोष्ट सांगतं.

पाठीवरच्या चिरेच्या दोन्ही टोकांना मेस्तांनी झाकणाच्या आतून पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत. दरवर्षी जानेवारीत, हवा कोरडी असते तेव्हा, ते स्क्रू काढून बघतात. चीर पुढे गेली तर नवी खूण. गेल्या दोन वर्षांत नवी खूण करावी लागलेली नाही.